वायफायचं आजोळ

जगातली कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूशी आपोआप जुळत नाही, यावर आमच्या चिखलीच्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी कुणाची देवावरही नसेल. आयटीआयमध्ये पोरांना फिटर बनवण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्तीनंतर हाताखाली नट-बोल्ट उरले नाहीत, तेव्हा ते जगाच्या मागे लागले. नवी चप्पल घालून दुकानापासून एसटी स्टँडापर्यंत जाऊन येतात, मगच पसंती सांगतात. मेव्हणी गेल्यावर एकुलती मुलगी त्यांनी एकट्याने वाढवली. तिची सोयरीक जुळवताना मुलाकडची विहीर वाकून पाहिली, मुलाचं आजोळ आणि त्या आजोळाचंही आजोळ धुंडाळलं. ती सासरी गेल्यापासून लॅपटॉपच्या दुकानांवर पाळी आली आहे. खिशात लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटातली प्रणाली, भरलेला पेनड्राइव्ह, आणि मांडलेला एकेक लॅपटॉप त्यावर चालवून पाहायचा. "काका, घ्याचा हाय का नुसता पाह्याचा?" दुकानदार एकदा कळवळून म्हणाला. "पाहून घ्याचा हाय," साडू म्हणाले. ते पाहणं सध्या तिसऱ्या वर्षात आहे.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो. तो कधीच फार लांब नसतो. बंगळूरला नातीचं बारसं होतं आणि आमच्या हिचा पाय प्लास्टरमध्ये. आम्हा दोघांचे फोन बटणांचे, त्यामुळे तिला बारसं दिसणार ते माझ्या लॅपटॉपवरच, आणि तो तर व्हायरसने कण्हत होता. लिनक्स टाका, हा सल्ला साडूंचाच. पण फोनवर त्यांनी विचारलं, "वायफायच्या कार्डाचं आजोळ कोनतं?" मी झाकणावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं.

"ते आडनाव झालं, साडूभाऊ. आतला तुकडा कोनाच्या घरचा हाय? आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवा. वायफाय पाहा, आवाज पाहा, कॅमेरा पाहा. मंगच इन्स्टॉल."

मी हाव हाव म्हणालो. पेनड्राइव्ह लावला, बाण हलला, रंग झकास दिसले, आणि तेवढ्यावर मी बटण दाबलं. पोहे खाऊन लग्न ठरवणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलोय. जुनं विंडोज पुसलं गेलं, आणि या यंत्रात वायफाय नावाची काही वस्तू आहे, हेच नव्या मालकाला, म्हणजे लिनक्सला, मान्य होईना.

बारशाच्या दिवशी साडू पहिल्या एसटीने हजर. ही आतल्या खोलीत पलंगावर जरीचं पातळ नेसून बसलेली, आदल्या दिवसापासून माझ्याशी अबोला. "विचारपूस न करता सोयरीक केली तुमी," एवढंच बोलून साडूंनी झोळ्यातून एक वायर काढली आणि लॅपटॉप थेट राउटरला जोडला. नेट लागलं! पण राउटर बैठकीत, आणि वायर हातभर.

"नेट ताईपर्यंत येत नसन, तं ताईले नेटपर्यंत न्या," साडू म्हणाले.

मग दोन म्हाताऱ्यांनी पलंग हिच्यासकट उचलला. दारात तो अडकला, तेव्हा साडूंनी खाली ठेवून आधी चौकटीचं माप घेतलं. कमरेचं माप कुणीच घेतलं नव्हतं. माझी कमर मला अजून त्याची आठवण करून देते. पण पडद्यावर पाळणा आला, आत्याने नातीच्या कानात कुर्र केलं आणि ही हसता हसता रडायला लागली. साडूंनी झोळ्यातली तपासणीची वही काढून तीत टिक केली : आवाज बरोबर.

चहाच्या वेळी मात्र ते बशीकडे पाहत राहिले. "पोरीच्या वक्ताले सारं तपासलं हो, साडूभाऊ. इहिरीच्या पान्यापर्यंत. ती सासरी गेल्यावर माह्या रिकाम्या घरात मले करमन का, येवढं पाह्याचं राह्यलं."

हिचं प्लास्टर निघून आता वर्ष होईल. वायफायचा तो तुकडा बदलायला अर्धा तास पुरतो, हे एव्हाना मलाही कळलंय. मी तो बदललेला नाही. दर पंधरा दिवसांनी चिखलीला फोन लावतो, "साडूभाऊ, काहीतरी अडून राह्यलं बाप्पा."

"न तपासता काई दाबू नका," तिकडून आवाज येतो, "मी येऊनच राह्यलो."