कूलरमधलं घरटं

होळी झाली की कूलरचं गवत बदलायचं, हा अकोल्यातल्या घरोघरचा नेम. यंदा माझा तो नेम चुकला, चिमण्यांपायी.

परसातल्या शेवग्याला मी दाण्याचं मडकं टांगलं, ते काही त्यांच्यासाठी नव्हतं. शेजारणीकडे मुनिया येतात, बुलबुल येतात. माझ्याकडे आल्या चिमण्या, अख्खं खानदान घेऊन. दुसऱ्या पाखराला टेकू देतील तर शपथ! अर्धी बाजरी खायच्या, अर्धी सांडायच्या, वरून भांडणं. मी ताट बडवायचे. त्या मेल्या तारेवर जाऊन बसायच्या आणि पुन्हा हजर.

"त्यायले काहून हाकलून राहिली बाई?" मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवरून ओरडायचे. दर्यापूरकडचं वावर सोडून आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांचा सगळा जीव चिमण्यांत.

पोटाची सोय झाल्यावर चिमण्यांनी घर केलं ते आमच्याच कूलरमध्ये. बाजूच्या जाळीच्या ताटीचं गवत उपसून आत, पंख्याच्या वर. मी गवत बदलायला गेले तर अंडी! मामाजींनी माझा हातच धरला. मग पिल्लं निघाली आणि इकडे उन्हानं कहर मांडला. मामाजींना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला, डॉक्टरांनी उन्हाला जपा म्हणून बजावलेलं. पण म्हातारा ऐकेल तर ना! "पिल्लं उडू दे. तोवर मी ओला दुपट्टा घेतो अंगावर." शेवटी असं ठरलं की अमरावतीला नोकरीला असलेला माझा मुलगा रविवारी येईल, ताटी काढेल आणि घरटं अलगद खोक्यात हलवेल.

रविवारपर्यंत मला दम निघाला नाही. एका दुपारी मामाजी झोपले होते, कपाळावर घाम डबडबलेला. मी कूलरचं बटण दाबलं. पाण्याचंही. मामाजींच्या जिवासाठी दाबलं, असं मी मुलाला फोनवर सांगितलं. ते खोटं नाही. पण घाम माझाही गळत होता, डोकं तडकलं होतं, आणि बटण दाबताना 'बसा आता बोंबलत' असं मी मनात म्हटलं होतं. ते कोणाला सांगू?

चिवचिव एकदम वाढली, मग थांबली. तेव्हाही उठून ताटी उघडता आली असती. गार वारा सुटला आणि मी फरशीवर आडवी झाले, डोळाही लागला.

जागी झाले तर मामाजी कूलरकडे कान देऊन बसले होते.

"पिल्लं?"

"उडाली मामाजी. सकाळीच."

सकाळी आम्ही दोघांनीच तर पाहिली होती ती, नीट पंखही न फुटलेली. खोटं बोलायचं तर ते तरी धड बोलावं माणसानं! मामाजी चिडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"बंद कर तो कूलर," ते म्हणाले. "मले थंडी वाजून राहिली."

रविवारी मुलानं ताटी उघडून काय काढलं ते मी बघितलं नाही, स्वयंपाकघरातच थांबले. नवं गवतही त्यानंच भरलं. कूलर मात्र बंदच आहे. मी बटणाकडे हात नेला की मामाजी म्हणतात, थंडी वाजते. ऊन तर हटायचं नाव घेत नाही. रोज दुपारी मी त्यांचा दुपट्टा बादलीत बुडवते, पिळते, आणि ते तो अंगावर घेतात.