जीनमधली पगाराची परेड

निजामाच्या फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले काकासाहेब जालन्यात बद्रीनाथशेठच्या जीनवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, पैशाचा कारभार बघायला आले. पलटणीचा खजिना सांभाळलेला माणूस, म्हणून शेठनं बोलावलं. चौतीस सालची गोष्ट. तेव्हा कापसाच्या गाड्या पार सडकेपर्यंत उभ्या असत. पहाटेपासून सरकीचा वास सुटे. आता तो वास कुठं!

आधी हमालांची मजुरी मुकादमाच्या हातून मिळे. त्याच्या मुठीतून सुटेपर्यंत ती निम्मी होई. काकासाहेबांनी ते बंद केलं. पलटणीसारखी रांग, नाव पुकारायचं, पैसे तळहातावर. आणि पलटणीसारखंच सकाळी, काम सुरू व्हायच्या आत.

पलटणीच्या दाराशी पहारा असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी बाजार होता. पैसे हातात पडताच हमाल तिकडं पांगले आणि घटकाभरात जीन ओस पडली. गाडीवान ओरडू लागले. शेठ धोतर सावरत आले.

"सुभेदारसाब, दिवे लागायच्या आत गाड्या खाली न्हाई झाल्या, तर उद्या येऊ नका. मुकादमच बरा होता."

काकासाहेब वाद घालत बसले नाहीत. चूक त्यांचीच होती. कोट काढून त्यांनी कापसाचं बोचकं मानेवर घेतलं आणि गोदामाकडे निघाले. झोकांड्या खात, पण थांबले नाहीत.

बाजार करून परतणारा रखमाजी हमाल फाटकात थबकला.

"सुभेदार, मान मोडून घेता का? बोजा पाठीवर घेत्यात."

"पैसे घेतले की पाय फुटले व्हय रे तुला?"

"लेकरायला गूळ घ्यायला गेल्तो."

"बाकीचे कुठं हायेत?"

"हाटेलात बसलेत. तुमच्या पैशानं चहा पिऊन राह्यलेत."

"माझ्या न्हाई. त्यांच्या."

फाटकातल्या गाडीवानानं रखमाजीला शेठची तंबी सांगितली. तसा तो पिशवी खाली ठेवून हाटेलाकडे पळाला.

"उठा रे जल्दी! सुभेदार गेले, तर पुन्हा मुकादमाच्या मुठीतून घ्याल मजुरी!"

आले सगळे. त्या दिवशी कुणी बिडीलासुद्धा बसलं नाही. शेवटची गाडी रिकामी झाली, तेव्हा सडकेवरचा दिवेवाला अजून कंदिलाची काच पुसत होता. शेठ फेरी मारून घरी गेले.

पुढच्या बाजारी पगार संध्याकाळी झाला, पण हातोहातच. काकासाहेबांची मान अजून वळत नव्हती. बाजूनं कुणी आलं की ते अंगासकट वळत. रांग हसे. ते हसू देत, आणि पुढचं नाव पुकारत.