चिंधीचे काका

पांडूकाका माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, शिवणीकडे बघत. कुणाच्या कॉलरला, कफाला एखादा दोरा लोंबताना दिसला, की बोलणं अर्ध्यावर टाकून त्यांचा हात पुढे जायचा आणि दोरा ओढून मोकळा व्हायचा. माझ्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, त्यांनी भटजींच्या उपरण्याचा दोरा ओढला आणि वीतभर काठ उसवला. भटजी थांबले. काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही म्हणा हो. उसवायचं ते आधीच उसवलेलं बरं."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या मैसूरमध्ये मुरलेलं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलंय, की पुण्याचे पाहुणे आमच्यासमोर कौतुकानं हसतात आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला विचारतात, "हे नक्की काय म्हणाले?" मी विमा कचेरीत कारकून आहे. मला शर्टाचं बटण लावता येत नाही. "आमच्यात गोपी एकटाच शिकला," काका चारचौघांत सांगायचे. "इरली, असू दे. ताग्यात एखादा वार खराब निघतोच."

काकू गेल्या आणि हे बोलणं बंद झालं. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात काका, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आणि मशीनभोवती दिवसेंदिवस वाढत जाणारा कातरणांचा, दोऱ्यांच्या तुकड्यांचा थर. दिवे लागायच्या आत ती खोली झाडायची आणि सुया टोचलेली उशी कपाटात ठेवायची, हे काकूंचं काम होतं. त्यांच्यानंतर काकांनी केरसुणीला हात लावला नाही. माझी बायको सुनंदा रोज डबा पाठवायची. दुसऱ्या दिवशी तो तसाच भरलेला परत यायचा. "घास उतरत नाही गं," एवढंच. स्वतःची पँट ते स्वतःच कमरेत आत घेत चालले होते. आम्ही समजूत काढून थकलो. मी तर एकदा मोबाइलवर वाचून त्यांना योगासनं सुचवली. त्यांनी फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं.

मग दसऱ्यात, बन्नीमंटपाकडे मशालींची परेड बघायला सगळा गाव लोटला असताना, त्या कोलाहलाला भिऊन एक मांजर काकांच्या घरात शिरलं ते थेट मशीनखाली. एक कान फाटलेला, अंगावर पांढरे, काळे, पिवळे तुकडे. काकांनी आधी "बेडा, बेडा" करून हाकललं. ती हलेना, तेव्हा वाकून नीट पाहिलं.

"उरलेल्या कापडातनं देवानं शिवलीय," ते मला फोनवर म्हणाले. "मापंसुद्धा घेतलेली नाहीत." नाव ठेवलं चिंधी.

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. दहीभात तिनं खाल्ला होता की काकांनी, ते कळायला मार्ग नव्हता; पण सुनंदा तो डबा हातात धरून ओट्याशी बराच वेळ उभी राहिली.

चिंधीला घरात रुळवायची जबाबदारी मी उत्साहानं अंगावर घेतली. मांजराची मला भीती वाटते, म्हणून अभ्यास जरा जास्तच केला. वाळूचा ट्रे आणला, मऊ गादी आणली. ती ट्रेमध्ये झोपली आणि गादीचा उपयोग तिनं दुसऱ्याच कामासाठी केला. काका तिच्याशी कन्नडच बोलायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "रस्त्यावरची आहे रे. तिला मराठी कुठनं येणार? सावकाश शिकवतो." हळूहळू 'बारे, बारे'च्या जोडीला 'ये गं बाई' ऐकू यायला लागलं. ती मशीनच्या पायडलजवळ बसायची आणि काका पाय जपून हलवायचे. संध्याकाळी दोघं एकाच वेळी जेवायची. काकांच्या पँटीची कंबर पुन्हा सैल करायची वेळ आली होती.

एका शनिवारी दुपारी मी गेलो, तेव्हा चिंधी दारात बसून सारखी मान झटकत होती. तोंडाच्या कोपऱ्यातून लाल दोरा लोंबत होता. काका ब्लाउजची तुरपाई करत बसले होते. त्यांनी मान वर केली, दोरा पाहिला आणि साठ वर्षं जे केलं तेच त्यांच्या हातानं केलं.

दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सुई होती.

तिचा तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही. दोरा तुटला. चिंधी पलंगाखाली गेली आणि फरशीवर रक्ताचे थेंब उमटत गेले. काका हातातल्या दोऱ्याच्या तुकड्याकडे बघत राहिले. "अय्यो," ते म्हणाले, "मी ओढला रे. मीच ओढला." मग गुडघ्यांवर बसून खोलीभरची कातरणं दोन्ही हातांनी गोळा करायला लागले, जणू ती आता झाडली तर काही उपयोग होणार होता.

तिला पिशवीत भरणं माझ्या वाट्याला आलं. माझ्या मनगटावर त्याच्या खुणा आहेत. ऑफिसात मी त्या गुलाबाच्या काट्यांच्या म्हणून सांगितल्या. रिक्षात काकांनी पिशवी मांडीवर घेतली नाही. "तूच धर. माझ्या हाताचा वास आला तर भिईल."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भूल देऊन सुई काढली. "ओढायला नको होतं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "त्यानं ती घशात आडवी रुतली." काकांनी शाळेतल्या मुलासारखी मान खाली घातली. मी घाईघाईनं सांगितलं, की त्यांना माहीत नव्हतं. "माहीत होतं," काका म्हणाले. "दोऱ्यामागं सुई असते, हे शिंप्याला माहीत नसेल?"

घरी आणल्यावर चिंधी पलंगाखालच्या कोपऱ्यात गेली ती बाहेर येईना. काकांची चाहूल लागली, की भिंतीत शिरायला बघायची. दूध नाही, दहीभात नाही. इंजेक्शनं झाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, मांजर असं उपाशी राहिलं तर आतून बिघडत जातं, मग हातात काही राहत नाही. मासा उकडून, काटे काढून, कुस्करून द्या. रस्त्यावर तेच खात आली असणार.

काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात विठ्ठलाची तसबीर. कांदासुद्धा एकादशीला पिशवीतून बाहेर निघत नसे. मी म्हणालो, "काका, मी आणतो. आमच्या घरी शिजवून आणतो." मी बाहेर अधूनमधून ऑम्लेट खातो, तेव्हा मासा म्हणजे अगदीच परकं प्रकरण नव्हतं.

"सुम्निरु," काकांनी मला गप्प केलं. "ओढला कुणी?"

त्यांनी माळ काढली आणि तसबिरीच्या खिळ्याला अडकवली. हात जोडले नाहीत. तसबिरीकडे बघत नुसतं म्हणाले, "तुला पटलं नाही तर माझ्यावर राग धर. तिच्यावर नको."

बाजारात मी नाकाला रुमाल लावून मागे आणि काका पुढे. मासेवाल्याला ते कापडवाल्याशी बोलावं तसं बोलत होते. "बिनकाट्याचं दाखव. ताजं आहे ना? धुतल्यावर आक्रसेल का?" मासेवाला हसला. काका हसले नाहीत. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. घराबाहेर पडल्यापासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि त्याआधी कधी जेवले होते ते मी विचारलं नाही.

मागच्या अंगणात जुन्या स्टोव्हवर मासा उकडला. दोनदा काका उठून भिंतीशी जाऊन ओकले, तोंड धुऊन परत आले. मग चष्मा लावून काटे काढायला बसले. एकेक काटा चिमटीत धरून उजेडात बघायचे. मी म्हणालो, "झाले आता काका." ते म्हणाले, "नाही. अजून असेल," आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं बोटांनी चाचपलं.

बशी पलंगाजवळ ठेवली. चिंधीचे डोळे अंधारात दिसत होते. काका "बारे" म्हणाले, तशी ती आणखी मागे सरली. मराठीत म्हणाले, "ये गं बाई." ती हललीच नाही. काका बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली, स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

"मी बघत नाही," ते भिंतीला म्हणाले. "तू बघ. मला सांग."

मी सांगत राहिलो. "अजून नाही, काका." "कान हलला." "पुढे आलीय थोडी." "नाही, परत गेली." त्यांची पाठ शर्टाखाली हाडाहाडानं दिसत होती आणि श्वासानंही हलत नव्हती. मला तोंडातून शब्द काढायची भीती वाटायला लागली.

मग बशी फरशीवर किंचित सरकल्याचा आवाज झाला.

"गोपी," काका वळले नाहीत. "काय झालं? सांग ना रे."

"खातेय, काका."

"रडतेय का खाताना? दुखतंय का तिला?"

"नाही. खातेय."

"सगळं सांग," काका म्हणाले. "घास घास सांग."