पेरूच्या झाडावरची चौथी आवृत्ती

झोराइदा तामायो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बायामो शहरात कुणाचं यंत्र बिघडलं की पावलं अजून तिच्याच दाराकडे वळतात. साखर कारखान्याच्या कचेरीत तिने तीस वर्षं संगणक सांभाळले. तिथून तिने एक सवय तेवढी घरी आणली: आपली हत्यारं आपल्या झोळीत असावीत.

त्या झोळीला ती होलोंगो म्हणते. ती आहे तिने स्वतः जुळवलेली लिनक्स प्रणाली. सीडीवरून नाहीतर बोटाएवढ्या पेनड्राइव्हवरून सुरू होते, आजारी यंत्राच्या डिस्कला धक्काही न लावता. डिस्क तपासायला, पुसलेल्या फाइली उकरून काढायला, विसरलेला पासवर्ड बदलायला, नेटवर्क कुठे तुंबलंय ते शोधायला लागेल ते सगळं तिच्यात आहे. शिवाय डॉमिनोचा खेळ. तो नवऱ्याच्या, एवेलिओच्या, हट्टापायी. दर तीनेक वर्षांनी ती नवी आवृत्ती बांधते. इंटरनेट इतकं मंद की एकेक तुकडा उतरवण्यात आठवडे जातात.

सातव्या आवृत्तीत जागा पुरेना, तेव्हा तिने जुन्या प्रोसेसरांसाठी ठेवलेला भाग उडवला. "असली यंत्रं आता कोणाकडे असणार?" ज्या शहरात नवऱ्याच्या आजोबांची मोटार अजून भाजी वाहते, तिथल्या बाईने हे म्हणावं!

मार्चमधल्या एका सकाळी दारात घोडागाडी थांबली. चादरीत गुंडाळलेलं यंत्र कवटाळून प्लासिदो फाहार्दो उतरला. बावीस वर्षं हा माणूस रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करायचा. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो कायमचा. तेव्हापासून गळ्यात पाटी.

वीज गेली, दुप्पट जोराने परत आली, यंत्र मेलं, असं त्याने लिहिलं. मग पुसून: *माझा आवाज यातच आहे. दुसरीकडे कुठे नाही.*

"नक्कल नाही काढलीत? बावीस वर्षांत एकदाही?"

*बोलण्यात वेळ गेला.*

झोराइदाने सातवी आवृत्ती आत सरकवली. पडद्यावर एकच ओळ उमटली: या यंत्राचा प्रोसेसर फार जुना आहे. तिच्याच प्रणालीने तिला नकार दिला होता. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी, तर त्या जुन्या जोडाची केबल गेल्याच महिन्यात जळलेली. आणि डिस्क अशी खरखरत होती, की आज नाही तर कधीच नाही.

"चौथी आवृत्ती हवी," ती म्हणाली. "तिच्यात जुन्यांची सोय होती. एवेलिओ! खोक्यातल्या माझ्या जुन्या सीडी कुठायत?"

एवेलिओ कॉफी फुंकत राहिला. "रागावणार नसशील तर सांगतो."

"सांग."

"झाडावर."

पेरूवर तोती नावाचे काळे पक्षी तुटून पडत, म्हणून त्याने साऱ्या सीडी दोऱ्याने टांगल्या होत्या. वाऱ्यावर फिरत, चमकत होत्या. पक्षी काही भीत नव्हते. एक तर सीडीवर पाय ठेवूनच पेरू खात होता.

"माझं वीस वर्षांचं काम तू पाखरांना दिलंस?"

"तूच म्हणालीस, म्हातारे, टाकून दे म्हणून! टाकवलं नाही मला. उपकार मान."

तिने शिडीकडे बोट दाखवलं. एवेलिओ शिडीवर चढला, प्लासिदोने टोपी पालथी धरली. उन्हातल्या सीडी काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या. त्या गेल्यातच जमा. पत्र्याच्या छपराखाली, सावलीच्या फांदीला तीन होत्या. अक्षरं पावसाने नेलेली. झोराइदाने त्या साबणाने धुतल्या, ब्लाउजला पुसल्या. पहिली गप्प. दुसरीवर कुणाच्या तरी लग्नातली गाणी. तिसरी घरघरली, अडखळली, परत घरघरली. मग पडदा उजळला, आणि कोपऱ्यात डॉमिनोचं चित्र.

"बघ! माझा खेळ!" एवेलिओ ओरडला.

"चूप."

रोजच्यासारखी वीज बाराला जायची होती. डिस्कचे वाचता येतील ते तुकडे तिने दुसरीकडे उतरवून घेतले. साडेअकराला नऊशे कार्यक्रम हाती आले, उरलेले डिस्कबरोबर गेले. तिने पहिला लावला. "सुप्रभात, बायामो!" तो भरदार आवाज खोलीभर झाला. प्लासिदोचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते, जणू बोलणारा तोच होता, आवाज तेवढा दुसऱ्या कोपऱ्यातून येत होता. आपण गेल्यावर माणसं आपल्याला अशीच ऐकत असतील, असं झोराइदाला वाटून गेलं. प्लासिदोने पाटी उचलली.

*फार बोलतो हा माणूस.*

आठव्या आवृत्तीत जुन्यांचा भाग परत आला. डॉमिनोही राहिला. सातवीची सीडी एवेलिओने झाडाला टांगली, झोराइदाने अडवलं नाही. आणि एक गोष्ट तिने प्लासिदोला विचारून नवी घातली: प्रणाली सुरू होताना चार सेकंद त्याचा आवाज.

पुढच्या महिन्यात ती दवाखान्यातला हटवादी संगणक उठवत होती. खिडकी उघडी होती. आतून "सुप्रभात, बायामो!" घुमलं. रांगेतली एक म्हातारी दचकून उठली, "अगं बाई, प्लासिदो! बरा झाला की काय?"

रस्त्यावरून चाललेला प्लासिदो थबकला. खिडकीशी आला. मग पाटी आत धरली.

*दुपारचे तीन वाजलेत. दुरुस्त कर.*