तळ्याच्या चढावरचं ऐनाचं बाक

मंडळी, आज सकाळी जे घडलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी कल्याणचा सुतार. तळ्यावरून पाणी आणताना मोठा चढ लागतो. गेल्या पावसाळ्यात माझी बायको सखू भरला हंडा घेऊन तिथंच पडली आणि पोटातलं मूल गेलं. त्यानंतर तिनं ती वाटच सोडली.

मी तेव्हापासून ऐनाचं खोड कोरत होतो. लाकूड इतकं टणक की पटाशी सारखी बोथट व्हायची. मधे बसायची जागा, शेजारी हंडा टेकवायला खळगा, दोन्ही टोकांना कासवं. आज ते बाक चढावर रोवलं.

लगेच आळीतले अण्णा आले. "बायका भर रस्त्यात बसणार? उपट ते!"

"आगगाडी आली, ठेसनावर बाकं घातली, तेव्हा कुणी बोललं नाही, अण्णा. मी नाही उपटणार."

"मग मी माणसं आणतो."

तेवढ्यात तळ्याकडून सखू चढ चढून आली. तिनं भरला हंडा खळग्यात ठेवला, पदर सारखा केला आणि बसली.

"आणा माणसं," ती म्हणाली. "मी दम खाते तोवर."

अण्णा निघून गेले. उद्या परत येतील. आम्हीही असू.

तुमच्या गावात पाणी आणणाऱ्या बायका कुठं टेकतात हो?