दारं नसलेलं कपाट

कमल गेल्याचं मला इंदापुरात, आमच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या फोनवर कळलं. फोन आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा होता. "वाईट बातमी आहे मुलाणीबाई. कमलबाई पहाटे गेल्या. कावीळ उतरलीच नाही." माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं... शनिवारी शाळेत शोकसभा आहे, संस्थेचे सचिव तात्या स्वतः येणार आहेत, तुम्ही त्यांच्या जवळच्या, तेव्हा दोन शब्द बोला. "फक्त एक करा बाई, जुनं काही काढू नका." तिकडे तिच्या दारात अजून माणसं जमत असतील आणि यांना काळजी कशाची, तर मी काय बोलेन याची! मी फोन आपटला. खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकून बघायला लागलं. या गोष्टीला आता महिना उलटून गेलाय, पण राग होता तिथंच आहे. म्हणून मी जुनंच काढायला बसले आहे.

शाळेचं नाव लिहीत नाही, संस्थेचंही नाही. सणसर-लासुर्ण्याच्या पट्ट्यात, उसाच्या फडांमध्ये कुठंतरी ती शाळा आहे एवढं पुरे. ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबेल. मी तिथं मराठी शिकवायचे, रोज इंदापूरहून एसटीनं जायचे. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा कमल विज्ञानाची शिक्षिका म्हणून आली, त्याच संस्थेच्या मोरगावकडच्या शाळेतून. मूळची मेंढरंवाली माणसं. तिचे आजोबा कळप घेऊन कोकणात उतरायचे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून माळावर बाजरी पेरायला घेतली आणि लेकीला बारामतीला बीएस्सीला घातलं. भावकी हसली होती म्हणे. कमल बुटकी, चालणं घाईचं, आवाज खणखणीत. पर्समध्ये कंगवा सापडेल याची खात्री नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर हमखास. लाल मुठीचा, आमच्याच दुकानातला. माझ्या नवऱ्याला म्हणाली होती, "दाजी, ह्याचे पैसे जन्मात मिळायचे न्हाईत, आधीच सांगते." तिनं तो शब्द मात्र तंतोतंत पाळला.

तिच्या पहिल्याच तपासणीची गोष्ट. आदल्या दिवशी संस्थेची जीप आली, ड्रायव्हर गफूरभाईंनी पेट्या उतरवल्या. मायक्रोस्कोप, भिंगं, तराजू, परीक्षानळ्या... सगळं काचेच्या कपाटात मांडलं गेलं, कपाटाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब आले, काचेतून बघून मान डोलावली, मटणाचं जेवण जेवले आणि गेले. मी समजत होते, ही सामग्री आमचीच, एरवी बारामतीला जपून ठेवतात. कमल मात्र कपाटाला नाक लावून उभी. "शमे, ह्यो मायक्रोस्कोप मोरगावचा हाय!" म्हटलं, कशावरून? "त्या चाकावरचा लाल ठिपका बघ की. तितल्या एका पोरीनं जत्रंतलं नेलपॉलिश लावून बघितलं हुतं. मीच तिला वरडले हुते." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संस्थेच्या सगळ्या शाळांना मिळून एकच प्रयोगशाळा होती, आणि ती जीपमध्ये बसून साहेबांच्या पुढं पुढं पळत होती. माझ्याशिवाय शाळेतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

ती तडक मुख्याध्यापकांकडे गेली, मागोमाग मी. "सर, किल्ली द्या. नववीच्या पोरींना दाखवते."

"उद्या जीप येणार आहे बाई, सगळं परत जायचंय."

"उद्या जाऊ द्या की. आज द्या."

"फुटलं-बिटलं तर? आणि दाखवून करायचंय काय? मुलं निदान बारामतीला होस्टेलवर राहून सायन्स घेतात. या पोरी दहावीनंतर एक तर आर्ट्सला जाणार, नाहीतर सासरी."

कमल वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तिनं पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कपाटाच्या बिजागऱ्या खोलायला घेतल्या. कुलपाला तिनं हातही लावला नाही. दोन्ही बाजूंचे स्क्रू निघाल्यावर ती दारं कुलपासकट एका फळीसारखी बाहेर आली. आम्ही दोघींनी ती उचलून विटांवर आडवी ठेवली, वर सतरंजी टाकली आणि झालं टेबल तयार. जीप आली तेव्हा नववीच्या पोरी त्या टेबलाभोवती अशा चिकटल्या होत्या की बाई, हलायचं नाव नाही. कांद्याची साल, डासाचा पंख, एकीच्या डोक्यातली ऊ... जे मिळेल ते भिंगाखाली. मुख्याध्यापक दारातून ओरडले, "गफूरभाई, घ्या सामान!" गफूरभाई दोन पावलं पुढं आले आणि थांबले. "पोरींच्या हातातनं कसं हिसकू साहेब? मला बी लेक हाय." जीप रिकामी गेली. संस्थेनं गफूरभाईंना महिनाभर धुळीत बसवून गाड्या पुसायला लावल्या. पण ते सामान पुन्हा हललं नाही, कारण हलवायचं तर लेखी मागणी करावी लागली असती आणि असं काही लेखी देण्याची हिंमत कुणात नव्हती.

मग आला तो बारामतीचा परिसंवाद. खेड्यातल्या मुलींच्या विज्ञान शिक्षणासाठी सरकारकडून अनुदान आलं होतं, आणि संस्थेनं ठरवलं होतं की त्यातून शहरात संगणक केंद्राची इमारत बांधायची. तसं उघड बोलता येईना म्हणून परिसंवाद. स्टेजवर समई, शाली, श्रीफळं. पुण्याहून आलेल्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी गुणवत्तेवर भाषण केलं; साधनं सगळीकडे वाटत बसलात तर दर्जा घसरतो, हुशार मुलांना एका ठिकाणी गोळा करा, असं त्यांचं म्हणणं. हुशार मुलं कोण हे कसं ओळखायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मग तात्या उठले. "आमचा मुलींना विरोध न्हाय," त्यांनी सुरुवात केली. असं वाक्य ऐकलं की मला पुढचं आपोआप ऐकू येतं. "पण मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या पोरी ह्या. मायक्रोस्कोपात बघून त्यांनी करायचं काय? रुखवतात मांडायचा हाय का तो?" हॉल खदाखदा हसला. बायकाही हसल्या, हे लिहिताना मला लाज वाटते, पण हसल्या.

कमल मागच्या रांगेतून उभी राहिली. तिला कुणी माईक दिला नाही आणि तिला त्याची गरजही नव्हती. "तात्या, मी मेंढरांमागंच फिरलेय. माझं सोडा. हितं बसल्याल्यांपैकी कुणीकुणी मायक्रोस्कोपात डोळा घालून बघितलंय? हात वर करा." इंजिनिअरसाहेबांनी हात खांद्यापर्यंत नेला, कुणाचाच हात वर नाही हे पाहून चष्मा सारखा केला आणि खाली घेतला. "कुणीच न्हाय? मग ज्या पोरींनी बघितलंय त्यांचं तुमी कसं काय ठरवताय? माझ्या नववीतल्या पोरी आणू का हितं, तुमाला समजून सांगायला?" कार्यकर्त्यांनी तिला धरून बाहेर काढलं. मी आपली पायात चपला सरकवत, कुणाकुणाला शिव्या घालत तिच्यामागं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'परिसंवादात शिक्षिकेचा गोंधळ'. हा लेख ज्यांना पाठवतेय, त्यांच्याच वर्तमानपत्रात आली होती ती. संपादकांना हा लेख छापायचा असेल तर हे वाक्य ठेवूनच छापावा, नाहीतर परत पाठवावा.

व्हायचं ते झालं. अनुदान शहरात गेलं, इमारत उभी राहिली, फीत कापली गेली. माझी बदली इंदापूरच्याही पलीकडे, नदीकाठच्या एका शाळेत झाली. कमलला त्यांनी हलवलं नाही. तिला त्याहून वाईट शिक्षा दिली. तिचा विषयच काढून घेतला. बीएस्सी झालेल्या बाईला शारीरिक शिक्षण! विज्ञानाचा तास भूगोलाच्या सरांना, आणि कमलच्या गळ्यात शिट्टी. मी भेटायला गेले तेव्हा मला वाटलं, रडत बसली असेल. कसलं काय! पी.टी.च्या तासाला पोरींची रांग करून त्या उघड्या कपाटापुढं उभी होती. "काय चाललंय गं?" म्हटलं. "डोळ्यांचा व्यायाम," ती म्हणाली, आणि शिट्टी वाजवून पुढच्या पोरीला मायक्रोस्कोपापाशी बोलावलं. मुख्याध्यापक शेजारून गेले, पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. वर्षानुवर्षं हा व्यायाम चालला. त्यातून गफूरभाईंची रेश्मा बारामतीला सायन्सला गेली, आता लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. आणखीही गेल्या. सगळ्या गेल्या असं मी म्हणणार नाही. पुष्कळजणी आर्ट्सला गेल्या, पुष्कळजणी सासरीच गेल्या. पण बघून गेल्या.

शेवटची भेट मोरगावला, आबांच्या घरी. खाटेवर पडलेली, डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात काही उरलं नव्हतं. आबा उसाच्या रसाची वाटी घेऊन बसले होते, "घे गं एवढं," म्हणून विनवत होते. तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आबांचं काही सांगायचं असेल. तर विचारते काय... "शमे, मी रजेवर हाय तर त्यांनी कपाटाला दारं लावली का गं?" मी म्हटलं, "नाही बाई, कोण लावतंय? उघडंच आहे." मला काही ठाऊक नव्हतं, पण इतक्या वर्षांत नाही लावली ती आता कशाला लावतील, अशी माझी खात्री होती. ती हसली. उशाखालून स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. "दाजींचा हाय, त्यांना परत दे. पैसे न्हाईत म्हणावं." मी तो पर्समध्ये टाकला. एसटीत बसल्यावर पदरात तोंड घालून रडले. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तेव्हा कुठं पैसे काढले.

शनिवारी शोकसभेला गेले. सभा प्रयोगशाळेच्याच खोलीत. बाहेर नवी पाटी, 'कै. कमलबाई स्मृती प्रयोगशाळा'. आत गेले आणि बघते तर काय... कपाटाला दारं! नवीकोरी, पॉलिश केलेली, मधोमध पितळी कुलूप. आत कमलचा फोटो, त्याला हार, आणि फोटोच्या शेजारी तो लाल ठिपक्याचा मायक्रोस्कोप. ती रजेवर गेली त्याच आठवड्यात सुतार बोलावला होता, असं शिपायानं कानात सांगितलं. म्हणजे ती मला विचारत होती तेव्हा दारं लागलेली होती. मी तिला मरताना सांगितलेली गोष्ट खोटी होती... आणि ती खोटी कुणी केली, ते समोर रांगेत खुर्च्यांवर बसले होते. तात्या बोलायला उठले. "कमलबाई म्हणजे आमच्या संस्थेचं भूषण. मुलींनी विज्ञान शिकावं ही त्यांची आणि आमची एकच तळमळ." तळमळ! या माणसाच्या तोंडात तो शब्द बसला तरी कसा?

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला जुनं काही काढायला मनाई आहे, म्हणून मी बोलत नाही. आधी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." सगळे उठले, माना खाली. तात्यांनी दुःख दिसावं म्हणून डोळेही मिटून घेतले. मी कपाटापाशी गेले, पर्स उघडली आणि नवऱ्याला द्यायचा राहून गेलेला कमलचा स्क्रू-ड्रायव्हर बिजागरीला लावला. सुतारानं घाईत बसवलेले स्क्रू, भराभर फिरायला लागले. खोलीत तेवढाच आवाज. मुख्याध्यापकांनी पाहिलं, पण श्रद्धांजलीत तोंड कोण उघडणार? सगळ्या पोरींच्या माना खाली आणि डोळे वर. एका बाजूचे स्क्रू निघाले तशी ती दारं कुलपासकट माझ्या अंगावर झुकली. जड होती. मला ती धरून ठेवावी लागली, दुसरी बाजू खोलायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या मुठीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. रेश्मा होती. तिनं शांतपणे दुसरी बाजू खोलली. आम्ही दोघींनी दारं उचलून पुढच्या बाकांवर आडवी ठेवली, तेव्हा कुठं तात्यांनी "ओम शांती" म्हटलं आणि डोळे उघडले. तोवर रेश्मानं फोटोवरचा हार बाजूला सारून मायक्रोस्कोप बाहेर काढला होता, आणि नववीच्या पोरी, कुणी बोलावलं नव्हतं तरी, टेबलाभोवती जमायला लागल्या होत्या.

परवा पुन्हा दुकानात फोन वाजला. मुख्याध्यापक. "मुलाणीबाई, सोमवारी सुतार येतोय, दारं परत लावणार आहोत. म्हटलं तुमच्या कानावर घालावं." मी म्हटलं, "लावा की." ते घुटमळले. त्यांना हवं होतं की मी भांडावं, म्हणजे बाई आडव्या येतात असं तात्यांना सांगता आलं असतं. मी भांडले नाही. कमलचा स्क्रू-ड्रायव्हर मी रेश्माकडून परत घेतलेला नाही. फोन ठेवला आणि मान वर केली, तर समोरच्या फळीवर लाल मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरांचं अख्खं खोकं होतं. नववीत पोरी किती आहेत, ते विचारायचं तेवढं राहिलं.