लिफ्टवाल्या दादांनी सर्जन कसा निवडला

आमच्या इमारतीची लिफ्ट बावीस वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली आहे. त्यांना सगळे दादाच म्हणतात, वयाने मोठी माणसंसुद्धा. हात कायम ग्रीसने काळे, आवाज भारदस्त, आणि लिफ्ट बिघडली की पाना काढण्याआधी दाराला कान लावून ऐकायची सवय.

दादा पहिल्यापासून अंगाने थोराड. पण पंचेचाळिशी ओलांडली आणि वजन एकशे अडतीस किलोवर जाऊन बसलं. मधुमेह झाला, गुडघे कुरकुरायला लागले, जेवून खुर्चीत टेकले की बोलता बोलता डोळा लागायचा. पथ्यपाणी झालं, चालणं झालं. दोनदा वीस-वीस किलो उतरवले, दोन्ही वेळा ते गेले तसे पाहुण्यांना घेऊन परत आले.

एकदा एका ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई होत्या. वरच्या मजल्याचं दार उघडून, लिफ्टच्या छतावर उतरून, तिथल्या चौकोनी झाकणातून आत जायचं, हे काम दादांनी शंभरदा केलेलं. त्या दिवशी ते छतावर पाय टाकणार तेवढ्यात आतून आवाज आला, "दादा, तुम्ही नका हो उतरू! आणखी काहीतरी तुटेल!"

बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. जमलेली माणसं हसली, दादाही हसले. त्यांचा जोडीदार आत उतरला. घरी आल्यावर मात्र दादा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढला. दादांची थोरली बहीण ते ऐकून उखडलीच. "चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं? त्यापेक्षा तोंडाला कुलूप लाव की!"

दादांची बायको शाळेत गणित शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "ताई, कुलूप दोनदा लावून पाहिलंय. मोडलं ते. आता चांगला कारागीर शोधू."

पहिला सर्जन शहरभर नाव झालेला. दवाखान्याच्या भिंतीवर जाड माणसांचे आणि त्यांच्याच बारीक झालेल्या रूपाचे फोटो. खुर्च्या मात्र हातांच्या, अरुंद. दादा पाऊण तास उभेच राहिले. आत दहा मिनिटांत सगळं ठरलं. "जठर कापून लहान करू, तीन दिवसांत घरी. पुढच्याच आठवड्यातली तारीख देतो."

बायकोने विचारलं, "ह्यांना छातीत जळजळ फार होते. उशाला गोळ्या ठेवून झोपतात. ते सांगायचं राहिलं."

"होते हो सगळ्यांना," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

दुसरे सर्जन ओळखीतले, साधे. त्यांनी दादांचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू का? मी हर्निया करतो, पित्ताशय करतो. हे ऑपरेशन वर्षाकाठी दोन-तीन. करेन मी, पण ह्यात माझा हात रोजचा नाही. माझ्या सख्ख्या भावाचं असतं तर मी त्याला एका सर्जनबाईंकडे पाठवला असता." आणि त्यांनी पत्ता लिहून दिला.

"असा माणूस विरळा," दादा जिना उतरताना म्हणाले. "आपल्या धंद्यातसुद्धा नाही सापडायचा."

त्या सर्जनबाईंचा दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. खुर्च्या रुंद, बिनहातांच्या. दादा बसले. बाईंनी ऑपरेशनचं नावसुद्धा न काढता तासभर प्रश्नच विचारले. काय खाता, कधी खाता, घोरता का, जळजळ कधीपासून. जळजळ ऐकून त्या थांबल्या. "आधी दुर्बिणीने अन्ननलिका बघायची. जळजळ जास्त असेल तर नुसतं जठर कापून ती आणखी वाढू शकते. मग जठराचा बायपास बरा, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडायचा."

दादांनी खिशातून लिफ्टच्या सर्व्हिसचं कार्ड काढलं. त्याच्या मागे पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले होते. किती ऑपरेशनं केलीत? किती बिघडली? बिघडल्यावर फोन कोण उचलतं? बाईंनी आढेवेढे न घेता एकेकाचं उत्तर दिलं. एक पेशंट दगावला होता, तेही सांगितलं.

मग दादा म्हणाले, "बाई, मला तुमची एक बिघडलेली केस भेटवाल का?"

बायकोने त्यांना कोपर मारलं. बाई मात्र हसल्या. "सगळे बरे झालेले पेशंट मागतात."

"लिफ्ट छान चालतेय तिथे विचारून काय कळणार? जिथे अडकली होती तिथे विचारायचं, माणूस किती वेळात आला."

"एक आहे. तिला विचारते. ती हो म्हणाली तरच," बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी त्या पेशंटचा, एका ग्रंथपाल बाईंचा, फोन आला. त्यांच्याच वाचनालयात, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी, त्या दोघांशी बोलल्या. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी त्यांच्या जोडातून गळती झाली होती. पुन्हा पोट उघडावं लागलं. सव्वीस दिवस दवाखान्यात.

"मी वाचते की नाही अशी वेळ होती," त्या म्हणाल्या. "पण सर्जनबाई सकाळ-संध्याकाळ यायच्या. आणि गळती कळली त्याच दिवशी माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, जोड गळतोय, हे असं झालंय, आता मी हे करणार. नशिबावर ढकललं नाही."

"परत वेळ आली तर कुणाकडे जाल?" बायकोने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला? त्यांच्याकडेच."

बाहेर आल्यावर दादांनी कार्ड काढून शेवटच्या प्रश्नावर पेन्सिलीने खूण केली. मग दादा म्हणाले, "ठरलं."

तरी बाईंनी लगेच हात लावला नाही. दुर्बिणीत अन्ननलिका लालभडक निघाली, म्हणजे बायपासच. झोपेच्या तपासणीत श्वास अडकतो हे कळलं, म्हणून आधी दोन महिने हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं. मग आहारतज्ज्ञ, मग दोन आठवडे नुसते पातळ पदार्थ. तोवर थोरली बहीण रोज फोनवर भांडत होती. ऑपरेशनच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी तीच दवाखान्यात हजर. सर्जनबाई बाहेर येऊन "नीट झालं" म्हणाल्या तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती त्यांच्यावरच डाफरली, "इतका वेळ का लावलात?"

नवव्या दिवशी दादांना भोवळ आली. बायकोने फोन लावला, तो तिसऱ्या रिंगला नर्सने उचलला. तासाभरात दादा सलाइनवर. सर्जनबाई स्वतः आल्या, पोट तपासलं. गळती नव्हती, दादा पुरेसं पाणीच पीत नव्हते. त्या दिवसापासून बहिणीने घड्याळ हातात घेतलं. दर पाच मिनिटांनी एक घोट. "पी. गिळलंस? दाखव."

वर्षभरात दादा सत्त्याण्णव किलोवर आले. मधुमेहाच्या चारपैकी एक गोळी उरली. दुपारी पेपर वाचायला घेतला तर तो शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. केस गळाले, मग पुन्हा आले. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभराच्या, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

मध्यंतरी तीन किलो वाढले. तपासणीची तारीख जवळ आली तशी दादा टाळाटाळ करायला लागले. "कोणत्या तोंडाने जाऊ?"

"जे आहे त्याच तोंडाने," बायको म्हणाली. "तेच तर खातं."

गेले. सर्जनबाईंनी काटा बघितला, मग दादांकडे. "वाढलं म्हणून आलात, हे बरं केलंत. बरेच जण नेमके तेव्हाच येत नाहीत. बसा, काय काय चाललंय सांगा."

अर्ध्या तासाने दोघं बाहेर पडली. बस समोरच उभी होती. दादांनी तिला हाताने पुढे जायला सांगितलं, आणि मुलीच्या कॉलेजचं काय करायचं यावर वाद घालत दोघं चालतच घराकडे निघाली.